कै. दादासाहेब फाळके यांचे चरित्र काय शिकविते?

हात मळू न देता कला शिकविता येते, अशी आमच्या लोकांची समजूत फार जुनी आहे व ती अद्याप गेलेली नाही. मुलगा चित्रे बरी काढतो असे दिसले, म्हणजे त्यास एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांस बसवावे, मिळालेले प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीस लावावे, आणि पुढे तो लाकूड, रसायन किंवा यंत्र यांस हात लावू लागला की हे सुताराचे व छापखानेवाल्याचे काम म्हणून त्यास परत बोलवावे, हा क्रम पुष्कळ घरांतून चालतो. उलटपक्षी, जो यंत्रविद्या शिकतो त्यास चित्र कशाला हवे, असे विचारणारेही तितकेच आहेत. या दोन्ही समजुतींस एकाच गृहस्थाच्या आयुष्याने चोख उत्तर दिलेले आहे. ते गृहस्थ म्हणजे कै. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके होत. हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु ज्या हातांनी हा धंदा उभा केला ते हात कोणत्या शाळेत व कसे तयार झाले, याचा विचार क्वचितच होतो. तो आज करावयाचा आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. मुंबईत त्यांस अध्यापकाची जागा मिळाल्यामुळे कुटुंब तेथे आले आणि १८८५ साली धुंडिराजांचे नाव सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून निघालेल्या कलाशाळेत दाखल झाले. शास्त्र्याच्या मुलाने पोथी सोडून कुंचला धरावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या शाळेत रेखनाचा पाया पक्का झाला. लॉर्ड रे यांच्या नावाच्या कारागिरीच्या कार्यशाळा तेथे १८९१ साली निघाल्या. परंतु तोपर्यंत फाळके बडोद्यास गेले होते, आणि त्यांच्या शिक्षणाचा खरा भाग तेथेच झाला.

बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन स्थापन झाले. त्याचे सूत्रधार प्रो. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. रंग कशाचा बनतो, कापडावर तो का टिकतो, काचेवर प्रकाश पडला असता काय घडते, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने चित्रकलेच्या बाहेरचे नव्हते. म्हणून कलाभवनात रेखन व रंगविद्या, सुतारकाम व यंत्रविद्या, वास्तुरचना व रसायन ही एकाच संस्थेत नांदत होती, आणि शिक्षण होता होईल तो देशी भाषांतून देण्याचा आग्रह होता. फाळके यांनी येथे तैलरंग व जलरंग यांचा अभ्यास केला, मूर्तिकाम व वास्तुरचना यांत लक्ष घातले, आणि स्वतःसाठी छायाचित्रणाचा कॅमेरा विकत घेतला. नाट्यगृहाचा आदर्श नमुना तयार केल्याबद्दल अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात १८९२ साली त्यांस सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी या विद्यार्थ्यास संस्थेचे छायाचित्रगृह व प्रयोगशाळा मोकळेपणाने वापरू दिली, आणि तिरंगी ठसे करण्याची विद्या शिकण्याकरिता रतलामला पाठविले.

हे तिरंगी ठसे म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. कारण सर्व मुद्दा त्यातच आहे. एकाच चित्राचे तांबड्या, हिरव्या व निळ्या काचांतून तीन वेळा छायाचित्र घ्यावयाचे. त्यावरून धातूचे तीन ठसे आम्लाने कोरावयाचे. आणि निळी, तांबडी व पिवळी शाई लावून ते एकावर एक तंतोतंत छापावयाचे, म्हणजे मूळ चित्रातील सर्व छटा कागदावर उतरतात. या एका कामात चित्रकाराची दृष्टी, छायाचित्रकाराचे कसब, रसायनज्ञाचे मोजमाप व छापणाऱ्याचा हात ही चारही लागतात. यांपैकी एक जरी दुर्बळ असले तरी चित्र बिघडते. ज्याने हे काम स्वतः केले, त्यास कला व यंत्र यांच्यामध्ये भिंत आहे असे पुन्हा कोणी पटवू शकत नाही.

पुढील काळ कष्टाचा गेला. १८९५ साली फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले. बडोद्यास परत येऊन धंदा मांडावा, तर कॅमेऱ्यापुढे बसल्याने मनुष्याची शक्ती ओढली जाते, या लोकभ्रमाने गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली. १९०३ साली ते पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नक्षानवीस म्हणून नोकरीस राहिले. ती सोडून त्यांनी प्रथम लोणावळ्यास व नंतर दादरला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांचे शिळाछापाचे काम त्यांनी याच काळात केले, आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीसही जाऊन आले. शेवटी भागीदारांशी न पटल्यामुळे छापखानाही हातचा गेला. वरवर पाहणाऱ्यास हे धरसोडीचे आयुष्य वाटेल. परंतु यातील एकही विद्या पुढे वाया गेली नाही.

१९११च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या पुराणांतील कथा अशाच पडद्यावर याव्यात असा ध्यास घेतला. मिळतील ती पुस्तके व यंत्रे आणून रात्रंदिवस प्रयोग केले. त्यापायी काही काळ दृष्टीही अधू झाली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत सर्व कृती डोळ्यांनी पाहिली, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले, आणि एप्रिलात ते परत आले. दोन आठवड्यांच्या मुक्कामात इतके शिकता आले, याचे कारण उघड आहे. फिल्म धुण्याचे रसायन त्यांस नवे नव्हते, भिंगाचा स्वभाव त्यांस ठाऊक होता, पडदे व नेपथ्य त्यांच्या हातचेच होते. नवीन शिकावयाचे राहिले होते ते चित्र चालविणे तेवढे. भांडवल देणाऱ्यांस खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची महिनाभराची वाढ थोडी थोडी टिपून एखाद्या मिनिटात दाखविली. आमच्या व्यापारी वाचकांनी हे लक्षात ठेवावे की, फाळके यांनी भांडवल मागितले ते भाषण करून मागितले नाही, तयार नमुना पुढे ठेवून मागितले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सुमारे ३७०० फुटांचा हा चित्रपट दादर येथे घरगुती साधनांनी तयार झाला. या कामी सौ. सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा कोणीही विसरू नये. दागिने विकून पैसा उभा करणे व पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक सांभाळणे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे व फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या व त्यांनी केली. त्यांस कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. शिकविणारा मनुष्य व हाती दिलेले साधन एवढे मिळाल्याबरोबर घरातील स्त्रीने अगदी नवी विद्या आत्मसात केली, ही गोष्ट स्त्रियांच्या बुद्धीविषयी शंका घेणाऱ्यांनी मनन करण्याजोगी आहे. पुढे ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ या चित्रपटांतून हनुमंताचे उड्डाण व देवांचे अंतर्धान पाहून प्रेक्षक थक्क झाले. जादूगाराची चलाखी येथे कामी आली. फाळके यांनी विद्या लपवून ठेवली नाही. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक चित्रपटच त्यांनी काढला, ‘नवयुग’ मासिकात लेख लिहिले, आणि नाशिकच्या चित्रशाळेत अनेक माणसे तयार केली.

त्यांचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले, बोलपटाचे युग आले, आणि ‘गंगावतरण’ हा १९३७चा एकच बोलपट करून ते निवृत्त झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ओढगस्तीत त्यांचा अंत झाला. यातही शिकण्यासारखे आहे. ठसा कोरण्याची विद्या त्यांस मिळाली. करारनामा वाचण्याची व हिशेब राखण्याची विद्या तितकी मिळाली नाही. कलाशाळेत हाही विषय असला पाहिजे.

कोणी म्हणेल की, अशी माणसे शाळेवाचूनही निपजतात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता स्वतःचा कॅमेरा बनविला. ते खरे आहे. परंतु त्यांसही लेथ व कारागिरांचा सहवास लाभला होता. लोकोत्तर पुरुषाची वाट पाहत बसणे हे शिक्षणाचे धोरण होऊ शकत नाही. सामान्य मुलाच्या हाती साधन देणे हेच ते धोरण होय.

आज साधने पालटली आहेत. छायाचित्राची काच व शिळाछाप मागे पडून संगणक, लेझरने कापणारी यंत्रे व त्रिमितीय छपाई आली आहे. पण शाळांतील विभागणी तशीच आहे. खुद्द बडोद्यास १९४९ साली विद्यापीठ झाले, तेव्हा कलाभवन त्याची तंत्रशाखा बनले व १९५० मध्ये ललितकलेची शाखा वेगळी निघाली. दोन्हींनी नाव मिळविले. परंतु गज्जरांच्या वेळी एका छपराखाली असलेले दोन भाऊ वेगळे राहू लागले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, कुंभार, माळी यांच्यापाशी शिकावे असे सुचविले आहे. हे चांगले आहे. पण दहा दिवसांत हात ओळख करून घेतो, शिकत नाही. नुसता संगणक आणून ठेवण्यानेही काम होणार नाही. तयार नमुन्यांवर कळ दाबणारा मुलगा आणि ठरलेल्या फुलदाणीची नक्कल काढणारा मुलगा यांत फरक थोडा. यंत्र उघडून पाहण्याची, माल बिघडविण्याची व पुन्हा करण्याची मुभा असेल, तरच तो शिकेल.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे. प्रत्येक मोठ्या गावी चित्रकलेच्या व तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांनी मिळून वापरावी अशी एक कार्यशाळा असावी. तेथे शिक्षकाच्या बरोबरीने गावचा छापखानेवाला, तांबट व सुतार यांस मानाने बोलावून मेहनताना द्यावा. यंत्रांची माहिती मराठीत लिहिली जावी. आणि व्यापाऱ्यांनी केवळ देणगी न देता आपल्या मालाची वेष्टने, फलक व नमुने यांचे खरे काम या मुलांस द्यावे व त्याचा खरा मोबदला द्यावा. सयाजीरावांसारखा राजा आता नाही. त्याची जागा नगरपालिका व बाजारपेठ यांनी घ्यावयाची आहे. फाळके यांचे पुतळे व त्यांच्या नावाचे पुरस्कार झाले, ते योग्यच झाले. पण ज्या मोकळ्या प्रयोगशाळेने त्यांस घडविले तिची किल्ली आपल्या मुलांस देणे, हे त्यांचे खरे स्मारक होईल.