अंधारातून भय साकारणारे निर्माते व्हॅल ल्यूटन

अमेरिकन चित्रपटनिर्माते व्हॅल ल्यूटन यांना अवघे ४६ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील जेमतेम चार वर्षे त्यांनी भयपटांची निर्मिती केली. १९४२ ते १९४६ या काळात हॉलिवूडमधील आर. के. ओ. या चित्रपटसंस्थेसाठी त्यांनी नऊ भयपट निर्माण केले. या चित्रपटांकडून कोणालाही फारशी अपेक्षा नव्हती. संस्थेला कमी खर्चात झटपट पैसा हवा होता आणि प्रेक्षकांना तासाभराची करमणूक. तरीही या मालिकेतील बहुतेक चित्रपट आज जागतिक चित्रपटांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहेत. अपेक्षा कमी असताना काम मात्र उणे पडू न देणाऱ्या एका माणसाची ही जीवनकथा आहे.

ल्यूटन यांचा जन्म ७ मे १९०४ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील याल्टा या काळ्या समुद्राकाठच्या गावी झाला. त्यांचे मूळ नाव व्लादिमीर इव्हान लेव्हेंटन. आईवडिलांचे पटले नाही आणि आई नीना दोन्ही अपत्यांना घेऊन प्रथम बर्लिनला व नंतर १९०९ मध्ये अमेरिकेला आल्या. नीना यांची बहीण अल्ला नाझिमोव्हा या रंगभूमीवरील आणि पुढे मूकपटांतील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. न्यूयॉर्कनजीक पोर्ट चेस्टर येथे मावशीच्या आश्रयाने या कुटुंबाने बस्तान बसवले. वडिलांचे छत्र नसलेल्या, स्त्रियांच्या सहवासात वाढलेल्या या मुलाला परीकथा, दंतकथा आणि भुताखेतांच्या गोष्टींची विलक्षण ओढ होती. मांजरांचे मात्र त्याला भय वाटे, आणि हे भय प्रौढपणीही ओसरले नाही.

कोलंबिया विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेतल्यानंतर ल्यूटन यांनी लेखणीवरच उपजीविका केली. एम. जी. एम. या चित्रपटसंस्थेच्या न्यूयॉर्क येथील प्रसिद्धी विभागात ते काम करीत. त्याच्या जोडीला कादंबऱ्या, लेख व कथा असे नाना प्रकारचे लेखन त्यांनी केले. १९३० मध्ये वीअर्ड टेल्स या मासिकात त्यांची द बघीटा ही कथा प्रसिद्ध झाली. माणसाच्या रूपात वावरणाऱ्या एका काळ्या बिबट्याची दंतकथा तिच्या केंद्रस्थानी होती. १९३२ मध्ये त्यांची नो बेड ऑफ हर ओन ही कादंबरी गाजली. चित्रपटसृष्टीने तिचे हक्क विकत घेतले, परंतु पडद्यावर आलेल्या चित्रपटात कादंबरीतील जवळजवळ काहीच उरले नव्हते.

त्यानंतर विख्यात निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांच्याकडे ल्यूटन कथाविभागात रुजू झाले. चित्रपटायोग्य कथा शोधणे, पटकथा तपासणे आणि सेल्झनिक यांची असंख्य किरकोळ कामे करणे हा त्यांचा दिनक्रम होता. १९३५ च्या अ टेल ऑफ टू सिटीज या चित्रपटातील बॅस्टिल तुरुंगावरील हल्ल्याच्या प्रसंगांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. या कामात त्यांच्यासोबत झाक टूर्नर हे फ्रेंच वंशाचे तरुण दिग्दर्शक होते. दोघांची मैत्री येथेच जुळली. गॉन विथ द विंड या कादंबरीवर चित्रपट काढू नये, असा सल्ला ल्यूटन यांनी दिला होता. तो मानला गेला नाही. मात्र त्याच चित्रपटाच्या लेखनाला त्यांचा हातभार लागला, आणि त्याचे श्रेय पडद्यावर आले नाही. पडद्यामागे राहून काम करण्याची सवय त्यांना अशा रीतीने आधीपासूनच होती.

१९४२ साली आर. के. ओ. संस्था आर्थिक अडचणीत सापडली होती. ऑर्सन वेल्स यांच्या सिटिझन केन आणि द मॅग्निफिसंट अँबरसन्स या महत्त्वाकांक्षी चित्रपटांनी कीर्ती मिळवली, पण तिजोरी भरली नाही. दुसरीकडे युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी संस्थेला भयपटांतून उत्तम कमाई होत होती. त्या काळी अमेरिकेत एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा होती. त्यातील दुसरा चित्रपट अल्पखर्चिक, कमी लांबीचा आणि दुय्यम दर्जाचा असे. अशाच भयपटांसाठी आर. के. ओ.ने स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची सूत्रे ल्यूटन यांच्याकडे दिली. वेतन ठरले आठवड्याला २५० डॉलर.

अटी तीन होत्या. चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत असावा. लांबी ७५ मिनिटांपेक्षा जास्त नसावी. आणि चित्रपटाचे नाव संस्थाच ठरवील. निर्मितिप्रमुख चार्ल्स कर्नर हे लोकांना कोणते नाव आकर्षित करील याचा अंदाज घेत आणि ते नाव ल्यूटन यांच्या हाती देत. कथा त्यानंतर रचायची. पहिले नाव आले कॅट पीपल, म्हणजे मांजर-माणसे. मांजरांचे भय बाळगणाऱ्या माणसाच्या वाट्याला हेच नाव यावे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल.

ल्यूटन यांनी या अटींबद्दल वाद घातला नाही. नाव संस्थेचे, खर्चाची मर्यादा संस्थेची, परंतु या चौकटीच्या आत काय घडते याकडे वरिष्ठांचे फारसे लक्ष नसणार, हे त्यांनी ओळखले होते. दिग्दर्शनासाठी त्यांनी टूर्नर यांना बोलावले, पटकथा डीविट बोडीन यांच्याकडे सोपवली, छायालेखन निकोलस मुसुराका यांच्याकडे आणि संकलन मार्क रॉबसन यांच्याकडे दिले. अँबरसन्स चित्रपटासाठी उभारलेला भव्य जिना तसाच पडून होता. तो कॅट पीपलच्या नायिकेच्या इमारतीत वापरण्यात आला. सुमारे तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकले.

लोकरीचे मुखवटे घालून मांजर-माणसे दाखवायला पैसा नव्हता, आणि असता तरी ल्यूटन यांना ती दाखवायची नव्हती. प्रेक्षकाच्या मनातील अंधार हा कोणत्याही रंगभूषेपेक्षा अधिक भयावह असतो, ही त्यांची धारणा होती. कॅट पीपलची नायिका इरेना ही सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली चित्रकार तरुणी आहे. प्रेमाचा वा मत्सराचा आवेग अनावर झाला तर आपले रूपांतर हिंस्र श्वापदात होईल, या समजुतीने ती पतीपासून दूर राहते. हे सारे तिच्या मनाचे खेळ आहेत की सत्य आहे, याविषयीची शंका चित्रपट दीर्घकाळ जिवंत ठेवतो.

यातील दोन प्रसंग विशेष गाजले. एका प्रसंगात इरेनाच्या पतीची सहकारी ॲलिस रात्री निर्जन रस्त्याने एकटी चालली आहे. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज एकाएकी थांबतो. ती वेग वाढवते, दिव्यांच्या उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात जाते. काहीतरी झडप घालणार अशा क्षणी फुसकारत, करकचून थांबते ती बस. प्रेक्षक आसनावरून उडतो आणि लगेच सुटकेचा श्वास टाकतो. पुढील काळात भयपटांतील अशा फसव्या धक्क्याला ल्यूटन बस असे नावच पडले. दुसऱ्या प्रसंगात हीच ॲलिस पोहण्याच्या बंदिस्त तलावात एकटी असते. भिंतीवर पाण्याची थरथरती तिरीप, एक सावली आणि दबकी गुरगुर एवढेच पडद्यावर असते. श्वापद कोठेही दिसत नाही. नंतर तिचा अंगरखा चिंध्या झालेल्या अवस्थेत सापडतो.

संस्थेच्या अधिकाऱ्यांना मात्र बिबट्या दिसायलाच हवा होता. त्यांच्या आग्रहामुळे एका प्रसंगात तो दाखवावा लागला, तोही टूर्नर यांनी शक्य तितका अंधारात ठेवला. डिसेंबर १९४२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. काही समीक्षकांनी नाके मुरडली, परंतु प्रेक्षकांनी गर्दी केली आणि खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न संस्थेला मिळाले. स्वस्त भयपट पाहण्यास आलेल्या प्रेक्षकांना एका परक्या, एकाकी स्त्रीचे दुःख पाहायला मिळाले होते.

यानंतर ल्यूटन यांच्याकडे आय वॉक्ड विथ अ झाँबी हे नाव सोपविण्यात आले. असे भडक नाव ऐकून ते प्रथम खिन्न झाले. त्यानंतर मात्र शार्लट ब्राँटे यांच्या जेन एअर या कादंबरीचे कथानक वेस्ट इंडीजच्या बेटावर न्यावे, अशी कल्पना त्यांनी सहकाऱ्यांपुढे मांडली. १९४३ साली आलेल्या या चित्रपटात उसाच्या मळ्यांतील मालक कुटुंबाची कहाणी आहे. तिच्यामागे गुलामगिरीची वेदना सतत जाणवत राहते. मळेवाल्यांच्या बागेत उभी असलेली लाकडी मूर्ती ही गुलामांना घेऊन आलेल्या जहाजाच्या नाळेवरची आहे, हा तपशील ओझरता येतो आणि मनात घर करतो. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय पात्रे बहुधा विनोदासाठी वापरली जात. ल्यूटन यांच्या चित्रपटांत त्यांना प्रतिष्ठा लाभली.

त्याच वर्षी द लेपर्ड मॅन, द सेव्हन्थ व्हिक्टिम आणि द घोस्ट शिप हे चित्रपट आले. द लेपर्ड मॅनमध्ये रात्री पीठ आणायला पाठविलेली मुलगी घराच्या बंद दारावर जिवाच्या आकांताने धडका देते. आत आईची अडसर काढण्याची धडपड सुरू असते. धडका थांबतात आणि दाराखालून रक्ताचा ओघळ आत येतो. मृत्यू पडद्यावर न दाखवता त्याची दाहकता पोहोचविणारा हा प्रसंग आजही अभ्यासला जातो. द घोस्ट शिपच्या वाट्याला वेगळेच दुर्दैव आले. आपल्या लेखनावरून कथा उचलल्याचा दावा दोन लेखकांनी केला. ल्यूटन यांनी तडजोडीस नकार दिला, परंतु न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि हा चित्रपट अनेक दशके प्रदर्शनाबाहेर राहिला.

१९४४ चा द कर्स ऑफ द कॅट पीपल हा या मालिकेतील सर्वांत अनपेक्षित चित्रपट होय. नावावरून प्रेक्षकांना श्वापदांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती निघाली एका एकलकोंड्या लहान मुलीची आणि तिला भेटणाऱ्या काल्पनिक मैत्रिणीची हळुवार कथा. ल्यूटन यांच्या स्वतःच्या बालपणाच्या छटा तीत उमटल्या आहेत. चित्रीकरण लांबल्यामुळे दिग्दर्शक बदलण्यात आला आणि रॉबर्ट वाइज या संकलकास दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली. रॉबसन यांनाही आदल्या वर्षी द सेव्हन्थ व्हिक्टिमद्वारे ल्यूटन यांनीच दिग्दर्शक केले होते. पुढे वाइज यांनी वेस्ट साइड स्टोरी आणि द साउंड ऑफ म्युझिक या चित्रपटांसाठी ऑस्कर पुरस्कार पटकावले.

प्रत्येक पटकथेचा अंतिम मसुदा ल्यूटन स्वतः रात्री जागून लिहीत. वेशभूषा, नेपथ्य, पार्श्वध्वनी यांतील बारीकसारीक बाबी त्यांच्या नजरेखालून जात. लेखक म्हणून मात्र त्यांनी सहसा आपले नाव लावले नाही. द बॉडी स्नॅचर आणि बेडलम या दोन चित्रपटांवर लेखनाचे श्रेय आहे, तेही कार्लोस कीथ या टोपणनावाने. १९४५ व १९४६ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटांत आणि आइल ऑफ द डेडमध्ये बोरिस कार्लोफ हे प्रमुख भूमिकेत होते. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या भूमिकेत अडकून पडलेल्या या अभिनेत्याला ल्यूटन यांनी खऱ्या अर्थाने अभिनय करण्याची संधी दिली. कार्लोफ यांनी हे ऋण नेहमी मान्य केले.

बेडलम आर्थिकदृष्ट्या अयशस्वी ठरला. ल्यूटन यांची पाठराखण करणारे कर्नर यांचे १९४६ च्या प्रारंभी निधन झाले आणि लवकरच ल्यूटन यांनीही आर. के. ओ. सोडले. पॅरामाउंट, एम. जी. एम. आणि युनिव्हर्सल या मोठ्या संस्थांमध्ये त्यांना प्रत्येकी एकच चित्रपट पूर्ण करता आला. आता खर्चाची मर्यादा सैल होती, परंतु स्वातंत्र्य उरले नव्हते. बैठका, बदलणारे निर्णय आणि वरिष्ठांची मर्जी यांत वर्षे निघून गेली. वाइज व रॉबसन यांच्यासमवेत स्वतंत्र संस्था काढण्याचे ठरले होते, पण ज्यांना त्यांनी पुढे आणले त्या सहकाऱ्यांनीच त्यांना त्या बेतातून वगळले. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. हृदयविकाराने ते आधीच खचले होते. १४ मार्च १९५१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे पत्नी रूथ व दोन अपत्ये होती. अपाचे ड्रम्स हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला.

ल्यूटन यांच्या चित्रपटांचे मोल जेम्स एजी व मॅनी फार्बर यांच्यासारख्या मोजक्या समीक्षकांनी त्यांच्या हयातीतच ओळखले होते. व्यापक मान्यता सावकाश आली. १९५२ च्या द बॅड अँड द ब्यूटिफुल या चित्रपटात, मांजर-माणसांचे ओबडधोबड वेश नाकारून अंधाराचा आधार घेणारा निर्माता दाखविण्यात आला. तो प्रसंग ल्यूटन यांच्यावरून बेतला असल्याचे मानले जाते. १९८२ मध्ये कॅट पीपलची नवी आवृत्ती निघाली. १९९३ मध्ये मूळ चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत करण्यात आला. २००७ मध्ये ल्यूटन यांच्यावर माहितीपट तयार झाला व दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी त्यास आवाज दिला.

अल्पखर्चिक भयपट जगभर निघत राहिले आहेत आणि पुढेही निघतील. त्यांतील बहुतेक विस्मृतीत जातात. ल्यूटन यांचे टिकले, कारण दुय्यम म्हणून मिळालेले काम त्यांनी दुय्यम मानले नाही. भडक नावाच्या आड त्यांनी एकाकीपणा, मृत्यू आणि परकेपणा या विषयांना हात घातला, आणि चार घटका भिण्यासाठी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या बुद्धीवर व संवेदनेवर विश्वास ठेवला.