मिरजेचे सर विल्यम वॉनलेस

आपल्या नगराहून मिरज दूर. तरी तेथील डॉ. वॉनलेस ह्यांचे चरित्र विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. कॅनडात १८६५ साली जन्मलेले हे मिशनरी शस्त्रवैद्य १८८९ साली हिंदुस्थानात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्स नामक आगगाडीची इंजिने करणाऱ्या गृहस्थांनी पैसा दिला, आणि १८९४ साली इस्पितळ उभे राहिले. सधनांकडून फी घ्यावी व गरिबांचा मोतीबिंदू फुकट काढावा, असा तेथील शिरस्ता. गढूळ भिंग काढल्यावर जाड चष्मा लागे खरा. पण आंधळ्या म्हातारीस नातवाचे तोंड दिसे! एकट्याचे हात कितीकांस पुरणार? म्हणून १८९७ साली त्यांनी वैद्यकशाळा काढून येथील तरुणांस ही विद्या शिकविली. माझ्या मते तिचे मोल इस्पितळाहूनही अधिक. १९२८ साली ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली, व १९३३ साली कॅलिफोर्नियात ते वारले.