कुष्ठरोग्यांचा वसईकर सोबती

खारबाव : दिवा-वसई गाडी खारबाव सोडून कामणकडे निघाली की थोड्याच वेळात वसईचा मुलुख लागतो. ख्रिस्ती धर्मपीठाने संतपद दिलेली, भारतात जन्मलेली पहिली व्यक्ती याच वसईची. संत गोन्सालो गार्सिया हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांत सर्वश्रुत आहे. खाडीपलीकडच्या वाचकाला मात्र ते बहुधा महाविद्यालयाच्या पाटीवरूनच ठाऊक असते.

वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली असताना, १५५६च्या सुमारास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, पुढे त्यांचे सारे आयुष्य त्या भाषेनेच घडवले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. निराश झालेल्या गोन्सालो यांनी व्यापाराची वाट धरली आणि त्यात त्यांचा चांगला जमही बसला.

व्यापाराच्या निमित्ताने मनिला येथे गेले असता फ्रान्सिस्कन साधूंशी त्यांचा परिचय झाला. धंदा सोडून ते त्या संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. त्याचे दुभाषी म्हणून गोन्सालो पुन्हा जपानला पोहोचले. मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्याचे फर्मान हिदेयोशीने १५८७ मध्येच काढले होते. तरीही या मंडळींना क्योटोत जागा मिळाली. तेथे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही.

गोन्सालो यांच्या चरित्राचा गाभा तेथे आहे. जपानमध्ये त्या काळी कुष्ठरोग्याला घर, गाव दोन्ही पारखे होई. औषध असे नव्हतेच. जखमा धुणे, अन्न भरवणे, जवळ बसणे एवढेच करता येण्याजोगे होते. दया करणाऱ्याने ती प्रसन्न मनाने करावी, अशी शिकवण संत पौलाने रोमकरांना दिली होती. ती पाळणे सोपे नाही. कपाळावर आठी घालून केलेली शुश्रूषा रुग्णाला आपण ओझे असल्याचेच सांगत असते. फ्रान्सिस्कन परंपरेत कुष्ठरोग्याची सेवा हा आनंदाचा भाग मानला जातो, कारण खुद्द असिसीच्या फ्रान्सिसचे मनःपरिवर्तन एका कुष्ठरोग्याला कवटाळण्याने झाले होते. शिवाय गोन्सालो या रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू शकत होते. परदेशी साधूंच्या त्या घरात ही गोष्ट लहान नव्हती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. धर्मोपदेशकांमागून स्पेनचे सैन्य येते, अशी फुशारकी त्यावरील नावाड्याने मारल्याचे सांगितले जाते. हिदेयोशी संतापला आणि डिसेंबरमध्ये धरपकड सुरू झाली. अखेर २६ जणांना मृत्युदंड झाला. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ जपानी श्रद्धावंत होते. कोणी वैद्य, कोणी स्वयंपाकी, कोणी तलवारी घडवणारा, तर एक मुलगा अवघा बारा वर्षांचा. क्योटोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. ऐन हिवाळ्यात त्यांची शेकडो किलोमीटर धिंड निघाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. मरताना ते स्तोत्रे गात होते.

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. मराठ्यांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसई किल्ल्यात आज चर्चचे भग्नावशेषच अधिक आहेत. त्यांतील जुन्या जेझुइट चर्चला आता नाव आहे ते जेझुइट संघात प्रवेश न मिळालेल्या गोन्सालो गार्सिया यांचे.