सात लेकरं गेली, राजाचं डोकं उडालं... अन् या कापडवाल्याने जगाला गळ टाकायला शिकवलं

साल १६५३. इंग्लंड यादवी युद्धातून नुकतंच बाहेर पडलं होतं. चार वर्षांपूर्वी भर लंडनमध्ये राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवण्यात आलं होतं. अशा काळात फ्लीट स्ट्रीटवर दीड शिलिंगाला एक छोटं पुस्तक विकायला आलं. विषय काय, तर मासे कसे पकडायचे! नाव 'द कम्प्लीट अँगलर'. लेखक होता साठीला आलेला कापडवाला, आयझॅक वॉल्टन.

वॉल्टनचा जन्म १५९३ चा, स्टॅफर्डचा. तो तीन वर्षांचा असतानाच वडील गेले. पुढे पोरगा लंडनला आला, बहिणीच्या नवऱ्याच्या हाताखाली कापडाचा धंदा शिकला आणि स्वतःचं दुकान थाटलं.

धंद्यात जम बसला, पण घरात मात्र एकामागून एक मृत्यू झाले. १६२६ मध्ये रेचलशी लग्न झालं. सात मुलं झाली, सातही लहानपणीच गेली. १६४० मध्ये रेचलही गेली. त्यात युद्ध पेटलं. वॉल्टन राजाच्या बाजूचा. १६५१ च्या वूस्टरच्या लढाईत राजपुत्र हरला आणि पळाला, तेव्हा त्याचं मागे राहिलेलं एक मौल्यवान रत्न वॉल्टनने जीव धोक्यात घालून लंडनला पोहोचवलं.

या सगळ्यातून तो निसटायचा तो लंडनच्या उत्तरेला, ली नदीवर. हातात काठी, घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी आणि पाण्यावर एक फ्लोट.

फ्लोट म्हणजे दोरीला बांधलेली तरंगती वस्तू. तेव्हा ती बुचाची किंवा पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ देठाची असायची. तिची कामं दोन. आमिष हव्या त्या खोलीवर टांगून धरायचं आणि मासा लागला की हलून इशारा द्यायचा. ब्रीम माशासाठी वॉल्टनने सांगितलेली पद्धत बघा. आदल्या संध्याकाळी जाऊन पाण्याची खोली मोजायची. तिथे धान्याचा चारा टाकायचा. पहाटे तीन-चारला गुपचूप परतायचं. मग फ्लोटवर नजर ठेवून बसायचं. घाई केली की मासा गेलाच.

पण यात एक अडचण होती. फ्लोट दोरीला एका जागी पक्का बांधलेला असायचा आणि दोरी बहुतेक वेळा काठीच्या टोकालाच. त्यामुळे फार खोल पाण्यात आमिष सोडणं कठीण. पुढे रीळ रुळलं आणि सरकता फ्लोट आला. यात दोरी फ्लोटमधून सरकत जाते आणि तिच्यावरची छोटी गाठ फ्लोटला ठरलेल्या खोलीवर अडवते. गाठ सरकवली की खोली बदलली. अमेरिकेत क्रॅपी नावाचा नाजूक तोंडाचा मासा आज असाच पकडतात. वॉल्टनने हा मासा पाहिलाही नसेल, पण १९२२ मध्ये शिकागोच्या मासेमारांनी नद्या वाचवायला संघटना काढली, तेव्हा तिला नाव दिलं 'आयझॅक वॉल्टन लीग'.

वॉल्टनने पुस्तक आयुष्यभर वाढवलं. कृत्रिम माशी लावून मासे पकडण्यात आपला हात तितका बसलेला नाही, हे तो जाणून होता. म्हणून १६७६ च्या आवृत्तीत तो भाग त्याने आपल्याहून बराच लहान असलेल्या चार्ल्स कॉटन या मित्राकडून लिहून घेतला.

दुसरी बायको अ‍ॅन १६६२ मध्ये गेली. वॉल्टन मात्र नव्वदी गाठून १५ डिसेंबर १६८३ ला विंचेस्टरमध्ये गेला. तिथल्या कॅथेड्रलमध्येच त्याला पुरलं आहे.

जाण्याआधी त्याने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. त्यातल्या शॅलोफर्डच्या शेतीचं उत्पन्न पुढे स्टॅफर्ड गावाला मिळालं. त्यातून थंडीत गरिबांना कोळसा द्यायचा होता आणि दरवर्षी गावातल्या दोन मुलांना कुणाच्या तरी हाताखाली धंदा शिकायला पाठवायचं होतं. अगदी तो स्वतः लंडनला गेला होता, तसंच.