मळ्यातली शाळा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असे मंडळाच्या भगिनींनी सांगितले, तेव्हा मी महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी लिहायचे ठरवले. मुलींची शाळा काढणारे म्हणून ते आपणां सर्वांना ठाऊक आहेत. पण शाळेत शेतीचेही ज्ञान द्यावे असे सांगणारे तेच, हे मला फार उशिरा कळले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. पुण्यातले माळ्याचे घर. फुलांचा धंदा आणि मळा. आई तान्हेपणीच गेली. वडिलांनी शाळेत घातले, पण मध्येच नाव काढून मळ्यात कामाला लावले. शेजारच्या गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेबांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. हे वाचताना मला भरून आले. सातवी झाल्यावर माझ्याही हाती खुरपे आले. माझ्या घरी समजूत घालायला मात्र कोणी आले नाही.

पुढे जोतीरावांनी पत्नी सावित्रीबाईंना शिकवले. मळ्यातल्या कामातून सवड मिळाली की झाडाच्या सावलीत, मातीवर काडीने अक्षरे गिरवून हे शिक्षण झाले, असे सांगतात. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई शिक्षिका झाल्या.

१८७६-७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी व सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांना जेवू घातले. १८८२ साली त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. गावच्या शाळेत लेखन, वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि मुलींच्या शाळा वाढवाव्यात, असे त्यात मांडले. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ पूर्ण केला. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून बांध घालावेत, तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला फुकट न्यू द्यावा, असे उपाय त्यात आहेत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

त्या काळी आपला जालना निजामाच्या राज्यात होता आणि जोतीरावांचे कार्य मुख्यतः पुण्याकडे झाले. पण पाणी मुरवण्याची गोष्ट आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखालाच जास्त लागू पडते. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने शिवारात पाणी अडवले, शेततळी केली आणि द्राक्षे पिकवली.

भगिनींनो, पेरणीपासून कापूस वेचण्यापर्यंत आपले हात मातीत असतात. बियाणे राखतो आपणच. पण माती कशी तपासावी, गांडूळखत कसे करावे, हे शिकायला जायची वेळ आली की बहुतेक घरांतून पुरुषच निघतात. लेकीसुना मागे राहतात आणि त्यांचे कष्ट तेवढे मोजले जातात, अक्कल मोजली जात नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा मंडळाने दोन-चार गुंठे जागा मिळवावी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणत्या मंडळींना बोलवावे आणि गावातल्या मुलींनी तिथे स्वतःच्या हाताने खत करावे, वाफे घालावेत, हिशेब लिहावा. जोतीरावांच्या तसबिरीला आपण दरवर्षी हार घालतोच. त्यांनी मागितलेले नमुन्याचे शेत एकदा करूनही पाहू.