झोपेचा स्विच शोधणारा माणूस

झोपेबद्दल आपल्या होस्टेलवर एकमत आहे. सबमिशन आलं की पहिला बळी तिचाच! मेंदू दमला की आपोआप बंद पडतो आणि कटिंग पाजला की पुन्हा चालू होतो, अशी आपली साधी थिअरी. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बरेच शास्त्रज्ञही झोप म्हणजे मेंदूचं नुसतं 'बंद पडणं' असंच समजत. या समजुतीला ज्यांनी धक्का दिला, ते डॉक्टर आधी दोन वर्षं इंजिनिअरिंगला होते. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

त्यांचं नाव कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो. जन्म १८७६ सालचा, रुमानियातल्या ब्राइला गावचा. आई-वडील ग्रीक, बालपण त्रिएस्त बंदरात. वडिलांची इच्छा म्हणून ते व्हिएन्नाला इंजिनिअरिंग शिकायला गेले. (ही स्टोरी ओळखीची वाटते ना?) पण मन रमेना, तेव्हा त्यांनी सरळ मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९०१ मध्ये ते डॉक्टर झाले. यंत्रांचं वेड मात्र सुटलं नाही. विमानं नवीन होती त्या काळात ते उडवायला शिकले, ऑस्ट्रियाच्या एरो क्लबचे अध्यक्षही झाले. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक म्हणून आघाडीवर गेले. १९१६ मध्ये त्यांचा भाऊ युद्धात मारला गेला आणि आई-वडिलांच्या आग्रहामुळे ते व्हिएन्नाच्या क्लिनिकमध्ये परतले.

तिथे त्या हिवाळ्यात विचित्र पेशंट येऊ लागले. कोणी जेवता जेवता झोपायचं, कोणी काम करताना. हलवून उठवलं तर नीट उत्तर द्यायचे आणि लगेच पुन्हा झोपी जायचे. काही जण आठवड्याभरात किंवा महिन्याभरात दगावले. आलेल्या पेशंट्सवर वेगवेगळ्या रोगांची लेबलं होती, पण हा एकच आणि वेगळा आजार आहे हे इकोनोमोंनी ओळखलं आणि १९१७ मध्ये जाहीर केलं. त्याचं नाव एन्सेफलायटिस लेथार्जिका. पुढची दहाएक वर्षं ही साथ जगभर फिरली आणि मग जवळजवळ नाहीशी झाली. तिचं नक्की कारण आजही कळलेलं नाही.

आता खरी गोष्ट. काही पेशंट्सचं अगदी उलट होतं. त्यांना झोपच येत नव्हती! इकोनोमोंनी दोन्ही प्रकारच्या मृत रुग्णांचे मेंदू मायक्रोस्कोपखाली तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. जे झोपून राहायचे, त्यांच्यात त्याच्या मागच्या बाजूला बिघाड होता. ज्यांची झोप उडाली होती, त्यांच्यात पुढच्या बाजूला. आपण सर्किटमध्ये फॉल्ट शोधतो ना, अगदी तसंच! कुठला पार्ट जळला आणि कुठलं काम थांबलं, यावरून त्यांनी ताडलं की जागं ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि झोपवणारी वेगळी. म्हणजे झोप येते ती मेंदू बंद पडल्यामुळे नाही, तर मेंदू ती स्वतः 'चालू' करतो म्हणून.

१९३१ मध्ये, अवघ्या ५५ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. त्यांचा अंदाज किती अचूक होता हे त्यांना बघायला मिळालं नाही. १९९६ मध्ये पुढच्या भागात झोप आणणाऱ्या पेशी सापडल्या. १९९८ मध्ये जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन सापडलं, आणि ते बनवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्येच निघाल्या. या पेशी नष्ट झाल्या तर माणसाला दिवसाढवळ्या अनावर झोप येते. त्या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की निसर्गाने झोपेसाठी मेंदूत खास वायरिंग करून ठेवलंय. उगाच नाही! दिवसभर जे शिकलो ते पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. झोप कमी पडली की लक्ष लागत नाही, चिडचिड होते, रात्री पाठ केलेलं सकाळी पेपरात आठवत नाही. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, परीक्षेच्या आदल्या रात्री दोन चॅप्टर जास्त करायचे की झोपायचं, असा प्रश्न पडला तर इकोनोमोंच्या पेशंट्सची आठवण ठेवा. त्यातल्या काहींनी खूप धडपडूनही झोप मिळाली नव्हती. आपल्याला ती फुकट मिळते!