मुलांचे लेखक : भा. रा. भागवत

मुलांनो, आपला परभणी जिल्हा समुद्रापासून दूर आहे. गोदावरी नदी आपण पाहतो. पण समुद्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल. मग चंद्राची तर गोष्टच सोडा! तरीही पुस्तकातून आपण कोठेही जाऊ शकतो. मराठी मुलांना अशा दूरच्या सफरी घडवणारे एक लेखक होते. त्यांचे नाव भास्कर रामचंद्र भागवत.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. त्यांनी मुलांसाठी भरपूर लेखन केले आणि 'बालमित्र' हे मासिक चालवले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत असत.

त्या काळी मराठीत विज्ञानकथा थोड्याच होत्या. फ्रान्समध्ये मात्र ज्यूल व्हर्न (१८२८-१९०५) या लेखकाने अनेक विज्ञानकथा लिहिल्या होत्या. पण त्या होत्या फ्रेंच भाषेत. ज्या मुलाला फक्त मराठी येते, त्याने त्या वाचायच्या कशा? भागवतांनी त्या सोप्या, खेळकर मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' आणि 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही त्यांपैकी दोन पुस्तके.

व्हर्नने १८६५ साली चंद्रप्रवासाची कथा लिहिली. तिच्यात तीन माणसे अमेरिकेतील फ्लोरिडा येथून चंद्राकडे निघतात. पुढे १९६९ साली अपोलो-११ हे यान खरोखरच फ्लोरिडातून निघाले. त्यातही तीनच प्रवासी होते! मात्र कथेतील माणसे तोफेच्या गोळ्यात बसून जातात. तसा धक्का माणसाला सोसणार नाही. म्हणून खऱ्या यानासाठी अग्निबाण वापरला. कथेतील सगळेच खरे नसते. पण कथा आपल्याला विचार करायला लावते.

भागवतांनी स्वतःचा एक नायकही निर्माण केला. तो म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. हा किडकिडीत, धाडसी मुलगा सायकलवरून भरधाव जातो आणि चोरांना पकडून देतो. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. तो पाहायला भागवत मात्र नव्हते. २००१ साली त्यांचे निधन झाले होते.

मुलांनो, एका भाषेतील गोष्ट दुसऱ्या भाषेतील मुलांपर्यंत नेणे हे मोठे काम आहे. तुम्हांला तर उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा येतात. मराठीत वाचलेली एखादी गोष्ट आज घरी दादीला किंवा लहान बहिणीला उर्दूत सांगा. भागवतांनी आयुष्यभर जे काम केले, त्याची सुरुवात तुम्हांलाही करता येईल.